महागड्या आधुनिक गाडीची पुढची काच बदलताना: काच मागवण्यापासून कॅमेऱ्याच्या जुळणीपर्यंत

पुढच्या काचेवर खडा बसला आणि तडा गेला की बहुतेक जण आधी खर्च विचारतात आणि मग गाडी कधी मिळेल ते. नव्या, भारी गाडीच्या बाबतीत त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या गाडीला नेमकी कोणती काच लागते? एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी तयार झालेल्या दोन गाड्यांच्या काचा वेगळ्या असू शकतात. चुकीची काच एकदा चिकटवली की ती शाबूत निघत नाही. कापून काढावी लागते आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

हे काम घरी करण्याचं नाही, हे आधीच सांगतो. पण मालकाला टप्पे माहीत असले की गॅरेजमध्ये योग्य प्रश्न विचारता येतात आणि कुठे घाई चालली आहे ते लगेच लक्षात येतं. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी ठरवा: दुरुस्ती की बदली

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लास्टिकचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. खडा लागल्यावर सहसा फक्त बाहेरच्या काचेचा टवका उडतो. टवका छोट्या नाण्याएवढा असेल, काचेच्या कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून काम भागतं. दुरुस्ती करता येत असेल तर तीच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यात बसलेल्या मूळ काचेची पकड मोडावी लागली नाही तर चांगलंच.

गॅरेजला जाईपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. आत धूळ आणि पाणी गेलं की रेझिन नीट भरत नाही. तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत किंवा गार काचेवर हीटरचा गरम झोत सोडू नका. अशा वेळी काच एका बाजूने आकसते किंवा फुगते आणि बोटभर तडा बघता बघता कडेपर्यंत पोचतो.

तडा कडेला भिडला असेल, आतल्या काचेलाही गेला असेल किंवा आरशामागे बसवलेल्या, रस्ता बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या समोरच्या भागातून जात असेल, तर काच बदलावीच लागते. त्यातला कॅमेऱ्याचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. रेझिन भरलेली जागा माणसाच्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण त्या जागेतून जाणारा प्रकाश किंचित वाकतो आणि कॅमेरा त्याच प्रकाशावर रस्त्याचे पट्टे वाचत असतो.

तुमच्या गाडीची काच ओळखा

लॅमिनेटेड काचेचं पेटंट एदुआर बेनेडिक्टुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०९ साली घेतलं. काचेच्या दोन थरांमध्ये चिवट थर, हे तत्त्व आजही तेच आहे. बदललं आहे ते त्या थरांमध्ये काय काय भरलंय ते. म्हणून काच मागवण्याआधी दहा मिनिटं गाडीसमोर उभं राहून नीट बघा.

आरशाच्या मागे काळ्या कव्हरात कॅमेरा आहे का? एक की दोन? त्याच्या शेजारी काचेला चिकटलेला पावसाचा आणि उजेडाचा सेन्सर असतो, आणि काही गाड्यांत काचेवरची वाफ ओळखणारा आर्द्रतेचा सेन्सरही. वायपर जिथे टेकतात तिथे बारीक तारा दिसतात का? त्या काच तापवण्यासाठी असतात. तिरप्या उन्हात काचेवर जांभळट किंवा हिरवट झाक दिसत असेल, तर उष्णता परतवणारा धातूचा अतिपातळ लेप असण्याची शक्यता आहे. हा लेप रेडिओ लहरीही अडवतो, म्हणून अशा काचेत टोलचा टॅग लावण्यासाठी लेप नसलेली एक खिडकी सोडलेली असते. कोपऱ्यातल्या छापावर आवाज कमी करणाऱ्या काचेची खूण आहे का तेही बघा. या प्रकारात मधला थर खास मऊ असतो आणि तो इंजिनाचा व वाऱ्याचा आवाज शोषून घेतो. साधी काच बसवली तर गाडी चालेल, पण ज्या शांततेसाठी एवढे पैसे मोजले ती गेलेली असेल.

हेड-अप डिस्प्ले असेल, म्हणजे वेगाचा आकडा समोर काचेत तरंगताना दिसत असेल, तर सर्वांत जास्त जपायला हवं. काचेला दोन पृष्ठभाग असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्हींवरून आकडा परावर्तित होतो आणि साध्या काचेत तो दुहेरी दिसतो, एकावर एक सरकलेला. हे टाळण्यासाठी हेड-अप डिस्प्लेच्या काचेत मधला प्लास्टिकचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. वरच्या बाजूला तो खालच्यापेक्षा अगदी किंचित जाड, पाचरीसारखा ठेवलेला असतो. त्या फरकामुळे दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बरोबर बसतात. काच हातात धरून हा फरक कळत नाही. पार्ट नंबरावरूनच कळतो.

म्हणून काच मागवताना मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर द्या, त्यावरून कंपनीच्या प्रणालीत पार्ट नंबर काढायला सांगा आणि तो नंबर लिहून घ्या. मग स्वतः पाहिलेल्या गोष्टींशी ताडून बघा. आधीच्या मालकाने एकदा काच बदललेली असेल, तर सध्याची काच आणि कारखान्याची नोंद यांत फरक असू शकतो. अशा वेळी कारखान्याची नोंद प्रमाण मानावी.

मूळ काच की दुसरी?

बाजारात तीन तऱ्हेच्या काचा मिळतात. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेली, तशाच दर्जाची पण काच बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावाने विकली जाणारी, आणि तिसऱ्याच कोणी मापावरून बनवलेली. सेंट-गोबेन सेक्युरिट, पिल्किंग्टन, एजीसी, फुयाओ या कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही काचा पुरवतात, त्यामुळे शिक्का नाही म्हणून काच हलकी असं समजण्याचं कारण नाही. प्रत्येक अधिकृत काचेच्या कोपऱ्यात मान्यतेचा छाप असतोच. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमानुसार मंजूर झालेल्या काचेवर वर्तुळात ई अक्षर, त्याच्या शेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक आणि ४३ हा आकडा दिसतो. यात १ म्हणजे जर्मनी आणि २ म्हणजे फ्रान्स. असा कुठलाच छाप नसलेली काच गाडीला लावू देऊ नका.

कॅमेरा किंवा हेड-अप डिस्प्ले असेल तर शिक्क्याची किंवा गाडीच्या कंपनीने मान्य केलेलीच काच घ्या, असं मी म्हणेन. कारण कॅमेरा धरून ठेवणारा कंस (ब्रॅकेट) बऱ्याच गाड्यांत थेट काचेलाच चिकटवलेला असतो. तो कारखान्यातच किंचित वाकडा चिकटला असेल, तर पुढे कितीही जुळवाजुळव केली तरी कॅमेरा नीट बसत नाही. यापैकी काहीही नसलेल्या गाडीला नावाजलेल्या कंपनीची बिनशिक्क्याची काच पुरेशी आहे.

होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

चिकटवण्याचं युरेथेन कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या प्रकारचं वापरणार? बसवल्यानंतर किती वेळाने गाडी रस्त्यावर काढता येईल? कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या काचेमागे त्याची नेमकी जुळणी, इथेच होणार की गाडी दुसरीकडे न्यावी लागणार, आणि त्याचा छापील अहवाल मिळणार का? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरं ठिकाण बघा. ‘कॅलिब्रेशनची गरज नाही, जुना कॅमेरा जसाच्या तसा लावतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथे गाडी देऊच नका.

विमा असेल तर काम सुरू होण्याआधी कळवा, तड्याचे जवळून आणि लांबून फोटो काढून ठेवा आणि मंजुरी लेखी घ्या. त्या मंजुरीत फक्त काच धरलेली असते असा अनुभव अनेकांना येतो. कॅलिब्रेशन, एकदाच वापरता येणाऱ्या क्लिपा आणि कडेच्या रबरी पट्ट्या यांचा उल्लेख त्यात हवा.

गाडी देताना डॅशबोर्डवरचं सामान, डॅशकॅम आणि काचेवरचे स्टिकर काढा. काम सुरू होण्याआधी गाडी स्कॅनरला जोडून सर्व दोषांची नोंद घ्यायला सांगा. असा स्कॅन आधी झालेला असला की नंतर पेटलेला इशाऱ्याचा एखादा दिवा आधीपासूनचा होता की कामामुळे लागला, यावर वाद होत नाही.

जुनी काच निघते तेव्हा

इथून पुढचं काम कारागिराचं. बॉनेट, डॅशबोर्ड आणि सीट आधी झाकले जातात. वायपरचे दांडे काढण्याआधी चांगला कारागीर त्यांची जागा काचेवर चिकटपट्टीने दाखवून ठेवतो. मग काचेखालची प्लास्टिकची जाळी, कडेच्या पट्ट्या आणि आतून दोन्ही खांबांची आवरणं निघतात. त्या खांबांमध्ये पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने बॅटरी सोडवून काही वेळ थांबल्याशिवाय तिथे हात घालू नये. कॅमेरा आणि सेन्सर हलक्या हाताने काढून स्वच्छ जागी ठेवले जातात.

आता चिकट थर कापायचा. पूर्वी हे काम लांब पात्याने होई आणि पातं घसरलं की डॅशबोर्डला किंवा रंगाला ओरखडा पडे. भारी गाडीला कणखर धाग्याने किंवा तारेने कापणं जास्त बरं. काचेला आतून चूषक (हवा ओढून चिकटणारा रबरी कप) लावून त्यावर चरखी बसवतात, धागा बाहेरून काचेच्या कडेने फिरवून आत ओढून घेतात, आणि चरखी फिरवली की धागा जुन्या युरेथेनमधून सरकत जातो. कापताना रबर फाटल्यासारखा कोरडा, सलग आवाज येतो. तो मध्येच बदलला की कारागीर थांबतो आणि धागा कुठे अडकला ते बघतो. असं थांबणारा माणूस मिळाला तर समजा गाडी चांगल्या हातात आहे.

काच निघाल्यावर गाडीच्या चौकटीवर जुन्या युरेथेनचा थर उरतो. तो पूर्ण खरवडून काढायचा नसतो. धारदार पात्याने छाटून त्याचा साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीचा सपाट थर ठेवायचा, कारण कारखान्यात रंगावर बसलेला तो थर नव्या युरेथेनसाठी सर्वांत भरवशाचा पाया असतो. पातं कुठे पत्र्यापर्यंत गेलं असेल तर तो ओरखडा त्याच वेळी प्राइमरने झाकला पाहिजे. झाकला नाही तर काचेखाली, कोणाला न दिसता गंज धरतो आणि काही वर्षांनी तिथूनच पाणी आत येतं. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या चौकटीला कंपनीने सांगितलेलं, वीज न वाहणारं युरेथेनच लागतं. नाहीतर तिथे दोन वेगळ्या पदार्थांमध्ये विद्युत-रासायनिक झीज सुरू होते.

नवी काच चिकटवताना

काच गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. गाडी उलटली तर छताला ती आधार देते, आणि कित्येक गाड्यांत शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना याच काचेवर आपटून मग प्रवाशाकडे वळते. पकड कच्ची असेल तर एअरबॅग काचच बाहेर ढकलू शकते. म्हणून पुढचा अर्धा तास सगळ्या कामात सर्वांत मोलाचा आहे आणि तिथे घाई अजिबात चालत नाही.

आधी युरेथेन न लावता काच चौकटीवर ठेवून माप बघतात आणि जागेच्या खुणा करतात. मग काचेची कड कंपनीच्या द्रावणाने पुसून प्राइमर लावतात. काचेच्या कडेने जी काळी किनार असते ती शोभेसाठी नाही. ऊन युरेथेन कुजवतं आणि ती किनार ते ऊन अडवते. साफ केलेल्या कडेला उघड्या हाताचं बोट लागता कामा नये, त्वचेच्या तेलानेही पकड सुटते. हातात मोजे आहेत का बघा. युरेथेनच्या नळकांड्यावरची मुदतही वाचा. मुदत संपलेलं युरेथेन दिसायला अगदी तसंच असतं.

युरेथेनची धार त्रिकोणी आकाराची, एकसारख्या उंचीची आणि मध्ये न तुटता चौकटभर फिरवायची असते. त्यासाठी नळीच्या तोंडाला इंग्रजी व्हीसारखी खाच पाडलेली असते. त्यानंतर काही मिनिटांत, वर साय धरायच्या आत, दोघांनी चूषकांनी काच उचलून सरळ खाली ठेवायची. एकदा टेकल्यावर ती सरकवायची नाही, सरकली की धार एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. वरून बेताने दाबून, चारही बाजूंची फट सारखी करून चिकटपट्ट्या लावल्या की बसवणं झालं.

यानंतर थांबायचं. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेरून आत. त्यामुळे थंड आणि कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो. काही प्रकारांना एखादा तास पुरतो, काहींना कितीतरी तास लागतात. उत्पादकाने त्या तापमानासाठी दिलेला वेळ पाळा, अंदाज नको.

कॅमेऱ्याची जुळणी

माझ्या मते बहुतेक फसगत या टप्प्यावर होते, कारण काच बसली, गाडी चकचकीत दिसली, कोणताही दिवा पेटलेला नाही, मग अजून काय हवं, असं वाटतं. पण कॅमेरा थोडा वाकडा बसला तरी दिवा पेटेलच असं नाही. कॅमेरा चालू असतो, चित्रही घेत असतो. फक्त त्याला जग जिथे आहे तिथे दिसत नाही.

हिशोब करून बघा. कॅमेरा १ अंशाने फिरलेला असेल तर १०० मीटर अंतरावर त्याची चूक जवळजवळ पावणेदोन मीटर होते. एवढ्या अंतरात पुढची गाडी तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हा निर्णय उलटा होऊ शकतो. आपोआप ब्रेक लावणारी, लेनमध्ये ठेवणारी आणि वेगाच्या पाट्या वाचणारी यंत्रणा याच कॅमेऱ्याच्या भरवशावर चालते.

कॅलिब्रेशन दोन प्रकारे होतं. एका प्रकारात गाडी सपाट जमिनीवर उभी करून समोर मोजून ठेवलेल्या अंतरावर ठरावीक आकृत्यांचा फलक लावतात आणि स्कॅनरमधून कॅमेऱ्याला त्या दाखवतात. दुसऱ्या प्रकारात स्कॅनर जोडलेला ठेवून, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने गाडी चालवतात. काही गाड्यांना दोन्ही लागतात. कोणता प्रकार करायचा हे गाडीची कंपनी ठरवते. ते गॅरेजच्या सोयीवर सोडू नका.

उभ्या गाडीच्या कॅलिब्रेशनला तयारी लागते. टायरमधली हवा प्रमाणात हवी, डिकीत जड सामान नको, कारण गाडी मागे दबली की कॅमेरा वर बघतो. कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ हवी. बॅटरीला बाहेरून पुरवठा जोडलेला हवा, कारण काम सुरू असताना व्होल्टेज पडला तर प्रक्रिया मध्येच तुटते. फलकाच्या मागे खिडकी किंवा लखलखता दिवा नको. जिथे गाडी आणि फलक यांच्यातलं अंतर टेपने न मोजता पावलांनी मोजतात, तिथे थांबवून विचारा.

पावसाचा सेन्सर इथेच तपासा. तो काचेच्या आत अवरक्त प्रकाश सोडतो. कोरडी काच तो जवळपास पूर्ण परत पाठवते, थेंब पडला की थोडा बाहेर निसटतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या या घटीवरून वायपर चालू होतात. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची चकती असते. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला की कोरड्या दिवशी वायपर उगाच फिरतात किंवा पावसात फिरतच नाहीत. बाहेरून, काचेला नाक लावून त्या जागी बघा, बुडबुडा चांदीच्या ठिपक्यासारखा चमकतो. जुनी चकती परत वापरण्यापेक्षा नवी लावून घ्या.

गाडी ताब्यात घेताना

चालकाच्या जागी बसा आणि समोरच्या एखाद्या उभ्या सरळ रेषेकडे, खांबाकडे किंवा इमारतीच्या कडेकडे बघत डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. रेषा वळवळली तर काच सदोष आहे. हेड-अप डिस्प्ले अंधारात सुरू करा आणि आकडा दुहेरी दिसतो का बघा, दिवसाउजेडी हा दोष लपतो. काच तापवणारी यंत्रणा, रेडिओ, उजेडाचा सेन्सर, आरशाचा अंधुक होणारा भाग, सगळं एकेक करून चालवून बघा. वायपर थांबल्यावर पूर्वीच्याच जागी टेकतात ना? डॅशबोर्डच्या खाचांत आणि हवेच्या झरोक्यांत काचेचे तुकडे उरलेले नाहीत ना? चारही बाजूंची फट एकसारखी आहे ना?

पाण्याची तपासणी मंद धारेने करायची. वरून खाली पाणी सोडत, आत बसलेल्या माणसाने खांबांच्या आणि छताच्या कडेवरून हात फिरवायचा. जोराच्या फवाऱ्याने तपासू नका, नव्या जोडावर तो अन्याय आहे.

हाती चार कागद घ्या: काचेच्या पार्ट नंबरासह बिल, कॅलिब्रेशनचा अहवाल, काम झाल्यानंतरचा स्कॅन आणि गळती व वाऱ्याच्या आवाजाबद्दलची लेखी हमी. युरेथेनचा बॅच नंबर बिलावर लिहून घेतला तर उत्तमच.

पहिले दोन दिवस चिकटपट्ट्या काढू नका आणि प्रेशरने गाडी धुऊ नका. एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेरच्या बाजूला ढकलते. वायपरचे जुने रबरही टाकून द्या. त्यांत जुन्या काचेचे कण आणि वाळू रुतलेली असते आणि पहिल्याच फेरीत नव्या काचेवर कमानीसारखा ओरखडा उमटतो.

मग दिवसाउजेडी, ओळखीच्या, कमी रहदारीच्या आणि पट्टे नीट दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी न्या. लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा चालू करा, हात स्टिअरिंगवरच ठेवा. गाडी पट्ट्यांच्या मधोमध राहत नसेल, एका बाजूला झुकत असेल किंवा रस्ता मोकळा असताना धडकेचा इशारा देत असेल, तर ती यंत्रणा बंद करा आणि त्याच दिवशी, कॅलिब्रेशनचा अहवाल सोबत घेऊन, गाडी परत गॅरेजला न्या.